सातव्या रक्तदात्याचा मुळा

मी त्याला विचारलेला पहिला प्रश्न होता — "सिगारेट ओढता?"

आणि दुसरा — "आपण नातेवाईक नाही ना?"

बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अनोळखी तरुणाला मुलीनं विचारायचे हे प्रश्न नव्हेत, मान्य. पण त्या सकाळी माझा नाइलाज होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती. माझ्या हातात बर्फाची पेटी होती आणि त्याच्या हातात त्याच्याहून उंच पितळी कर्णा. तो तिरका धरल्याशिवाय लिफ्टमध्ये मावत नव्हता, आणि तिरका धरला की त्याचं रुंद तोंड बरोबर माझ्या कानाशी येत होतं.

"माफ करा, ओपा," तो म्हणाला, "लग्नाचा हॉल कितव्या मजल्यावर?"

"लग्नाचा हॉल शेजारच्या इमारतीत. इथे आजारांवर संशोधन चालतं. आणि ओपा काय? मी कुणाची थोरली बहीण दिसते का तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच नीट.

"नाही," तो म्हणाला. "तशी अजिबात नाही दिसत."

मी पेटीकडे बघायला लागले. खरं तर रडकुंडीला आले होते मी. त्या दिवशी रक्त द्यायला येणारा सातवा निरोगी माणूस सकाळी शिंकतच हजर झाला होता, आणि शिंकणाऱ्या माणसाचं रक्त माझ्या कामाचं नव्हतं. मला हवा होता तरुण, धडधाकट, बिडी-सिगारेट न ओढणारा. आणि देवानं लिफ्टमध्ये माझ्यासमोर असा माणूस उभा केला होता, ज्याची छाती पुरुषभर कर्णा फुंकण्यात तयार झाली होती. म्हणून ते प्रश्न.

"ओढत नाही," तो म्हणाला. "पण नातेवाईक? ते कसं कळणार? तुम्ही कुठल्या मोहल्ल्याच्या?"

"बेशागाच."

"मी कोकचाचा. आई?"

"आई नमनगानची."

"अरे, माझी काकू नमनगानची!"

ताश्कंदमध्ये हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. मागे एका विद्यार्थ्यानं संशोधनासाठी सगळं रक्त आपल्या चुलतभावांचंच गोळा केलं होतं, तेव्हापासून आमच्या दोमलांनी, म्हणजे प्राध्यापक साहेबांनी, नियमच करून टाकला होता — संशोधकाच्या नात्यातल्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही. तेव्हा लिफ्ट सुरू होईपर्यंत आम्ही काकू, मावश्या, व्याही सगळे उकरून काढले. नातं काही निघालं नाही.

"हुश्श!" मी म्हणाले.

"हुश्श काय?" तो म्हणाला. "मला तर वाईट वाटलं."

त्याचं नाव एल्योर. शेजारच्या लग्नात कर्णा वाजवून तो खरंच परत आला. गाल अजून लाल होते, कपाळावर घाम होता, आणि त्यानं बाही वर करून हात पुढे केला.

मी सुई बाहेर काढल्यावर आमच्या सनोबर ओपांनी त्याच्या हातावर कापूस दाबला. या ओपा आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनीस. काचसामान धुणं त्यांच्याकडे आणि सगळ्यांची लग्नं जुळवणंही त्यांच्याचकडे, दुसऱ्या कामाचा पगार नाही एवढंच. मी त्याला काळा चहा ओतून दिला. पियाला बघून त्यानं भुवया वर केल्या.

"हाकलताय का मला?"

मी पाहिलं तर पियाला काठोकाठ भरला होता. आणि आमच्याकडे हवाहवासा पाहुणा असला की त्याला चहा घोटभरच ओततात, म्हणजे परत परत ओतायचं निमित्त मिळतं. काठोकाठ पियाला म्हणजे प्या आणि चालू लागा.

"तसं नाही हो!" माझे कान तापले. "दिवसभर नळ्या खुणेपर्यंत भरायची सवय..."

"असू दे," तो हसला. "सावकाश पितो."

मग मी त्याला पथ्य सांगितलं. अभ्यास चालू आहे तोवर दर मंगळवारी रक्त द्यायचं. हिरवा मुळा बंद, कोबी बंद, हिरवा चहा बंद.

"हिरवा चहा बंद? मग पिऊ काय?"

"पाणी."

"पाणी आजारी माणसं पितात."

"काळा चहा चालेल. एक-दोन पियाले."

"आणि मुळा का नाही? मी रोज पहाटे लग्नाच्या पुलावाला बसतो. पुलावाबरोबर मुळा नाही खाल्ला तर म्हातारे काय म्हणतील?"

"त्यांना सांगा, एका बाईनं मनाई केलीय."

तो थबकला. पियाल्यात बघत हळूच म्हणाला, "हे सांगायला आवडेल मला."

*

दुसऱ्या मंगळवारी त्यानं विचारलं, "माझ्या रक्ताचं तुम्ही करता काय?"

"त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढते. आणि त्यांना चिडवते."

"चिडवता?"

"मेलेल्या जंतूंचं कवच त्यांच्यासमोर टाकते. त्यांना वाटतं हल्ला झाला. मग त्या पेटतात, आरडाओरडा करतात, आजूबाजूच्या पेशींना हाका मारतात. जखम झाली की लाल होतं, सुजतं ना... तो दाह म्हणजे हाच."

"म्हणजे वाईट खोड."

"वाईट कशी? पेटल्याच नाहीत तर माणूस साध्या खोकल्यानं जाईल. पण काम झाल्यावर विझल्या नाहीत, तर तीच आग आपल्याच सांध्यांना लागते, डोळ्यांना लागते. माझ्या आईची बोटं सकाळी उघडत नाहीत. कणीक मळायची तर आधी गरम पाण्यात हात धरून बसते."

त्यानं स्वतःची बोटं एकदा मिटून उघडली. मग म्हणाला, "मग विझवतं कोण?"

"पेशीच्या आतच एक प्रथिन असतं. एरवी एक पहारेकरी त्याला धरून बसलेला असतो, हलू देत नाही. काही झोंबरं आलं की पहारेकऱ्याची पकड सुटते. ते प्रथिन धावत पेशीच्या गाभ्यात जातं आणि अँटिऑक्सिडंट तयार करायचा हुकूम सोडतं. आग आवाक्यात येते. हिरव्या मुळ्यात असा झोंबरा रस भरपूर असतो, त्याचाच अर्क मी बशीतल्या पेशींवर टाकून बघते. म्हणून तुम्हाला बंद. तुमच्या पेशी मला कोऱ्या हव्यात."

"कोऱ्याच आहेत," एल्योर बाही खाली करत म्हणाला. "अजून कुणी चिडवलं नव्हतं त्यांना."

मी नळीवर त्याचा क्रमांक लिहिला. सातच्या जागी एक लिहिला, तो खोडून सात केला.

सनोबर ओपा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. त्या दर वेळी जायच्या. मला वाटायचं, पायऱ्यांवर त्याला चक्कर येईल म्हणून काळजी घेतायत.

*

पेच पडला तो फेब्रुवारीत.

बाकी सगळ्या निरोगी लोकांच्या पेशी चिडवल्या की शहाण्यासारख्या पेटत होत्या. सातव्याच्या पेशी मात्र जांभई द्यायच्या. जंतूंचं कवच टाका, दुप्पट टाका, ढिम्म. दाहाचे संदेश नावाला, आणि अँटिऑक्सिडंटचा तो हुकूम आधीपासूनच सुटलेला.

माझा प्रबंध या तुलनेवर उभा होता. एका बाजूला संधिवाताचे रोगी, ज्यांच्या पेशी विझतच नाहीत, आणि दुसऱ्या बाजूला हे निरोगी लोक. त्यात एकजण असा निघाला की सगळी सरासरी कोसळते. दाह मोजायचा परदेशी संच संपत आला होता, नवा यायला वर्ष लागणार. आणि वसंतात, नवरोजनंतर, माझं सादरीकरण.

वर्षभर थांबायला माझी हरकत नव्हती हो, आईची होती. आमचा घरात करार झाला होता. या वसंतात प्रबंध पार पडला तर नवरा मी निवडायचा. नाही पडला तर आई निवडणार. आईचा निवडून तयारच होता — फरगान्याचा एक दंतवैद्य. त्याच्याकडच्या बायका दोनदा चहा पिऊन गेल्या होत्या, आणि तो स्वतः एकदा आला तेव्हा माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या अक्कलदाढेकडे बघत बसला होता.

"याला काढून टाक," दोमला म्हणाले, "नाहीतर हा असा का ते शोध. कारणाशिवाय काढलंस तर परीक्षक तुला सोलतील."

काढून टाकायचं नाव काढल्यावर मी सातव्याची नळी झटकन मुठीत घेतली. प्रबंधासाठीच घेतली, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या मंगळवारी मी एल्योरला समोर बसवलं. "खरं सांगा. मुळा खाल्लात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाठमोऱ्या उभ्या राहून बाटल्या धूत असलेल्या सनोबर ओपांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "तुम्हीच सांगा. खाल्ला असेन का?"

"मी विचारतेय."

"विचारायची ही पद्धत मला आवडली."

"एल्योर अका," मी पुरुषाला आदरानं लावायचा 'अका' मुद्दाम जोडून म्हणाले, "हे माझ्यासाठी गंभीर आहे."

"माझ्यासाठीही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "बाहेरचा मुळा तोंडाला लावला नाही. शपथ."

"मग काही गोळ्या? चूर्ण?"

"माझी प्रकृती बिघडवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती दर मंगळवारी भेटते."

"तुमच्या पेशी तर काही वेगळंच सांगतात. कशानंच पेटत नाहीत तुम्ही."

"पेशींना विचारून काय उपयोग?" तो म्हणाला. "मला विचारा ना."

मागे एक बाटली सनोबर ओपांच्या हातून निसटून सिंकमध्ये पडली. फुटली नाही. मी चिडून सुई टोचली, आणि तो हसतच राहिला. या माणसाला काहीतरी माहीत होतं जे मला माहीत नव्हतं. त्यात तो हसला की गालाला खळी पडायची, आणि मला प्रश्नच आठवायचे नाहीत.

*

म्हणून एका पहाटे मी हेरगिरी करायला कोकचात गेले.

लग्नाचा पहाटेचा पुलाव पुरुषांचा. बायका आत जात नाहीत. तेव्हा मी फाटकासमोर नान विकणाऱ्या बाईपाशी उभी राहिले आणि एकेक नान दाबून बघत राहिले. जर्दाळूंना नुकता बहर आला होता. झिमझिम पावसात पाकळ्या गळून नानांवर पडत होत्या, आणि ती बाई मला शिव्या द्यायच्या बेतात होती.

फाटकातून एल्योर दिसला. पुलावाचं ताट आलं, शेजारी हिरव्या मुळ्याच्या चकत्या. एका पांढऱ्या दाढीनं चकती उचलून त्याच्या तोंडाशी नेली.

"घे रे! मुळ्याशिवाय पुलाव पचतो का?"

एल्योरनं छातीवर हात ठेवला, मान झुकवली. "नको, आजोबा. एका बाईनं मनाई केलीय."

सगळी पंगत हसली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हा माणूस भर पंगतीत थट्टा सोसत होता, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवून होते. दोन नान घेऊन मी मुकाट्यानं वळले, तेवढ्यात तो बाहेर आला. वादकांच्या गाडीमागे गेला, इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून निळ्या झाकणाची काचेची बरणी काढली. डोळे मिटले. चमचा भरला, आणि कडू औषध घ्यावं तसं तोंड करून गिळला.

ती बरणी मी कुठेही ओळखली असती. तिच्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी होती — 'झेबो. हात लावू नये.'

"एल्योर अका!"

त्याला ठसकाच लागला. "तु... तुम्ही? इथे?"

"काय आहे त्यात?"

"तुम्हाला माहीत नाही?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तो हसला. "तुम्ही पाठवलेला मुळा."

"मी?"

"दर मंगळवारी... फाटकापाशी. सनोबर ओपा म्हणाल्या, झेबोनं स्वतःच्या हातानं किसलाय, पण लाजते, विषय काढू नकोस. मला वाटलं, म्हणजे... पथ्य बाहेरच्या मुळ्यापुरतं असेल."

"मी जन्मात कधी मुळा किसलेला नाही!"

हे मला वाटलं होतं त्याहून मोठ्यानं बोलले मी. नानवाली वळून बघायला लागली. एल्योरच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम उतरलं नाही, हळूहळू उतरलं. ते बघणं जास्त वाईट होतं.

"म्हणजे एवढे आठवडे मी..." तो बरणीकडे बघत म्हणाला, "सनोबर ओपांच्या..."

विनोद होता तो. पण त्याला तो पुरा करता आला नाही. आतून हाक आली, नवरदेव निघाला, कर्णा कुठेय? त्यानं बरणीला झाकण लावलं, माझ्या हातात दिली आणि धावत गेला. त्या दिवशी त्याच्या कर्ण्याचा सूर पहिल्याच फुंकरीत फाटला. सगळी गल्ली हसली. मी बरणी पोटाशी धरून पावसात उभी राहिले, आणि मला रडूच आलं. प्रबंधासाठी नाही. यावेळी स्वतःला फसवायला जमलं नाही.

*

"मुळा का दिलात?" मी सनोबर ओपांवर बरसले.

"का म्हणजे? त्या लेकराचं रक्त घेतो आपण! आणि रिकाम्या हातानं घरी पाठवायचं? लाज नाही वाटणार?" त्यांनी उलट मलाच झापलं. "माझ्या परसातला मुळा. मीठ, सिरका, वर काळं जिरं."

"प्रयोगशाळेच्या बरणीत?"

"धुऊन, वाफेच्या भट्टीत घालून दिली दर वेळी. एक जंतू दाखव!"

"आणि माझ्या नावानं का?"

ओपांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पोरी, माझ्या नावानं दिला असता तर खाल्ला असता का त्यानं?"

मी दोमलांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"अगं वेडे, तू बशीत मुळ्याचा अर्क टाकून जे दाखवत होतीस, ते सनोबरनं जित्या माणसात करून ठेवलंय! आता ते रीतसर कर. समितीची परवानगी मी बघतो. पंधरा दिवस मुळा बंद, रक्त घे. मग पंधरा दिवस मुळा दे, परत घे. पेशी आधी पेटल्या आणि मग निवल्या तर तुझा सातवा माणूस चूक नाही, प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. एका माणसावरून शास्त्र होत नाही, पण परीक्षकांची तोंडं बंद होतात. संच पुरेल?"

"दोन वेळांपुरता."

"मग त्याला बोलाव."

एवढंच अवघड होतं. मी तीनदा फोन उचलला आणि ठेवला. पण मंगळवारी तो आपणहून आला. कोट घातला होता, आणि भिंतीकडे बघत बाही वर केली.

"शब्द दिला होता," तो म्हणाला.

"आज रक्त नको." मी सुई बाजूला ठेवली. "मला माफ करा. गल्लीत ओरडले मी. मुळा मी पाठवला नव्हता, हे खरं..."

"कळलं मला ते."

"...पण मला सुचायला हवं होतं. पाठवायला हवा होता."

तो भिंतीकडेच बघत होता. कानाची पाळी मात्र लाल झाली.

मी त्याला दोमलांचा बेत सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे परत मुळा. प्रयोगासाठी?"

"प्रयोगासाठी."

"किसणार कोण?"

"मी."

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग येतो."

*

मुळा बंद करून पंधरा दिवसांनी रक्त घेतलं. त्याच्या पेशी अशा पेटल्या की आकडे बघून मी खुर्चीवरून उठून नाचले, आणि त्याला फोन केला.

"एल्योर अका! तुमच्या पेशी पेटल्या!"

"मला कधीच कळलं होतं," पलीकडून आवाज आला. "तुम्हाला आत्ता कळलं?"

पुढचा पंधरवडा तो रोज दुपारी आला, कारण मुळा माझ्यासमोर खायचा असं ठरलं होतं. मी प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलून किसायचे. पहिल्याच दिवशी मुळ्याबरोबर बोटही किसलं. त्यानं माझ्या हातातून कापूस घेतला आणि माझ्या बोटावर दाबून धरला, रक्त थांबल्यावरही जरा वेळ.

"आता माझ्या हातात तुमचं रक्त," तो म्हणाला. "किसण्याआधी सिगारेट ओढली होती?"

"नाही."

"दारू?"

"खा मुकाट्यानं!"

त्या पंधरवड्यात खिडकीबाहेर पाऊस यायचा, थांबायचा, ऊन पडायचं. तो लग्नांतल्या गमती सांगायचा. घाबरून चुकीच्या गाडीत बसलेला नवरदेव. कर्ण्यात चिमणीनं केलेलं घरटं. मी हसताना वजन चुकायचे. एके दिवशी मीठ दुप्पट पडलं, तरी त्यानं बशी चाटून-पुसून परत दिली. आणि मी बघत बसायचे, की हा प्रत्येक घासाला डोळे का मिटतो?

शेवटच्या दिवशी सकाळी रक्त घेतलं. पेशी वेगळ्या करून, चिडवून, मोजून होईपर्यंत संध्याकाळ होणार होती. तो घरी गेला नाही. कर्णा भिंतीला टेकवून बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मी आत आकड्यांची वाट बघत होते. फरगान्याचा दंतवैद्य कोपऱ्यात उभं राहून माझ्या अक्कलदाढेकडे बघतोय असा भास होत होता.

आकडे आले. मी दोनदा तपासले आणि बाहेर धावले.

"निवल्या! हुकूम सुटला, दाह उतरला! अगदी पहिल्यासारखा!"

तो उठून उभा राहिला. "नक्की?"

"नक्की!"

"म्हणजे आता माझं रक्त लागणार नाही?"

"नाही... आता नाही."

"मग," त्यानं घसा साफ केला, "माझं नाव रक्तदात्यांतून काढून टाका."

माझा आनंद तिथेच विरला. कंटाळला होता बिचारा. महिनोन् महिने सुया टोचून घेतल्या, वर मुळा. मी मान हलवली. "काढते. पण पुढे मोठा अभ्यास करायचाय, शंभर माणसं घेऊन... तुम्ही असता तर..."

"मला नाही चालणार. नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात? सिगारेट सुरू केलीत?"

"दुसऱ्या प्रश्नात," तो म्हणाला. "लिफ्टमधल्या."

मी आठवलं. आपण नातेवाईक नाही ना... मी त्याच्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या छातीचा माणूस, पण त्याला श्वास पुरत नव्हता.

"तुमची हरकत नसेल तर," तो म्हणाला, "माझी आई रविवारी तुमच्या घरी यायचं म्हणतेय. पण त्याआधी एक खरं सांगायला हवं. नाहीतर पुढे फसवल्यासारखं होईल."

"काय?"

"मला मुळा आवडत नाही."

"काय?"

"लहानपणापासून. वासानंसुद्धा पोटात ढवळतं."

"मग... हिवाळाभर... त्या सगळ्या बरण्या?"

"बरणीवर तुमचं नाव होतं ना," एल्योर म्हणाला.

सगळ्या दिवसांचे मिटलेले डोळे मला एकदम आठवले. आत जाऊन मी किटली ठेवली. हिरवा चहा केला, खरा हिरवा, कारण त्याचं पथ्य आता संपलं होतं. बाहेर येऊन पियाल्यात ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

त्यानं आत वाकून पाहिलं. पियाल्याचा तळ जेमतेम झाकला होता.

"एवढाच?"

"एवढाच. संपला की परत मागा."

त्यानं एका घोटात संपवला आणि पियाला पुढे केला. मी तेवढाच ओतला. असं आम्ही किटली रिकामी होईपर्यंत केलं. मग दाराआडून सनोबर ओपा बाहेर आल्या, डोळे पुसत. हातात निळ्या झाकणाची बरणी होती.

"तोंड गोड करायला दुसरं काही नव्हतं इथे," त्या म्हणाल्या.

एल्योरनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चमचा मागून घेतला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

प्रबंध पार पडला. आईनं करार पाळला. रविवारी सुजल्या बोटांनी किटली धरून एल्योरच्या आईला तिनं असा घोटभर घोटभर चहा पाजला की ती बिचारी संध्याकाळीच सुटली. आमच्या लग्नाच्या पहाटे कोकचात पुलाव उत्तम झाला होता, पण ताटांत हिरवा मुळा नव्हता. पांढऱ्या दाढ्या त्यावरून आम्हाला अजून नावं ठेवतात.